गॅदरिंगमधला 'रेड इंडियन डान्स' आणि ओता क्तेची गोष्ट

प्रति,
मा. संपादक,
सोलापूर आवृत्ती

स.न.वि.वि.,

परवाच्या पुरवणीत शाळांच्या गॅदरिंगचे फोटो आले, त्यात खालच्या ओळीत एक फोटो आहे, पंधरा-वीस पोरं, गालावर लाल-पांढरे पट्टे, डोक्याला पिसांच्या पट्ट्या, आणि खाली लिहिलंय 'रेड इंडियन डान्सने उपस्थितांची मने जिंकली'. त्या फोटोत डावीकडून चौथी जी आहे ती माझ्या भावाची नात. त्यामुळं तो फोटो कापून आमच्या फ्रिजवर लावलाय आणि मी पाणी प्यायला गेले की तो समोर येतो, आणि दर वेळी वाटतं ह्यावर कुणीतरी लिहायला पाहिजे, शेवटी आज मीच बसले. पत्र लांबलंय. काटछाट करायची तर करा पण त्यातली माणसांची नावं आणि सालं तेवढी काढू नका.

पोरांवर माझा राग नाही, त्यांच्या बाईंवर तर नाहीच नाही, मी स्वतः तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय, गॅदरिंग बसवायला काय कष्ट पडतात ते मला माहितेय. महिनाभर प्रॅक्टिस चालली होती. पिसं चिकनच्या दुकानातनं आणली, धुतली, गच्चीवर वाळवली, होळीच्या उरलेल्या रंगात बुडवली आणि माझ्या वहिनीनं एकेक पीस पुठ्ठ्याच्या पट्टीला फेविकॉलनं चिकटवलं, दोन दिवस घरात वास येत होता. पोरगी तोंडावर तळहात आपटत 'उलुलुलु' करत घरभर फिरायची. मी विचारलं, अगं हे लोक कोण, माहितेय का? तर म्हणाली, "आज्जी, ते जंगलात राहायचे, माणसं मारायचे, आता नाहीयेत ते."

हे तिला कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही, टीव्हीतनं, कार्टूनमधनं असंच कुठनंतरी आलेलं. पण ते लोक आहेत ना! अमेरिकेत साउथ डकोटा राज्यात पाइन रिज, रोजबड ह्या भागात आजही लाकोटा लोक राहतात, त्यांची भाषा आहे, त्यांनी स्वतः चालवलेली कॉलेजं आहेत. आणि त्यांच्यातल्याच एका माणसानं, ओता क्तेनं, पिसांचा तोच पोशाख घालून लंडनमध्ये राजासमोर नाच केला होता, आणि तो माणूस पुढं त्यांचा नेता झाला, आणि त्यानं स्वतःची गोष्ट स्वतःच्या हातानं लिहून ठेवली. सात-आठ वर्षांपूर्वी भाचा अमेरिकेहून आला तेव्हा ते पुस्तक घेऊन आला होता. १९२८ साली पहिल्यांदा छापलेलं. मी ते तीनदा वाचलंय, आणि त्यातला एक प्रसंग आहे तो माझ्या डोक्यातनं जातच नाही, तो आधी सांगते.

साल १८८४. शहर फिलाडेल्फिया. सोळाएक वर्षांचा एक लाकोटा मुलगा, केस कापलेले, अंगात कोट-पँट, तिथल्या एका मोठ्या दुकानात नोकरीला. त्याला कळतं की आपला मोठा नेता सिटिंग बुल, लाकोटात तातांका इयोटाके, इथल्या थिएटरात येणार आहे. पन्नास सेंट देऊन हा तिकीट काढतो. बाहेर बोर्ड लावलाय की अमेरिकन सैन्याच्या कस्टर सेनापतीला मारणारा सिटिंग बुल बघायला या म्हणून. आत स्टेजवर सिटिंग बुल आणि त्याच्याबरोबरची माणसं बसलेली. सिटिंग बुल उठतो आणि लाकोटात बोलतो, की मित्रांनो, आम्ही वॉशिंग्टनला प्रेसिडेंटला भेटायला निघालोय, तुम्हा लोकांचं सगळं बघून मला बरं वाटतंय की माझी पोरंबाळंही एक दिवस शिकतील, आता भांडण्यात अर्थ राहिलेला नाही, रानरेडे संपले, शिकार संपली. असं सगळं शांतपणे बोलून तो बसतो. मग एक गोरा माणूस पुढं येतो, मी ह्यांच्या बोलण्याचं भाषांतर करतो म्हणतो, आणि १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईची रक्ताची कहाणी सांगायला लागतो, लाकोटांनी कसं लपून-छपून येऊन कस्टरच्या सगळ्या शिपायांना कापून काढलं वगैरे. शाळा, पोरंबाळं, भांडण संपलं, ह्यातला एक शब्द नाही. पब्लिक अंगावर काटा आल्यासारखं ऐकत होतं. त्या भरल्या थिएटरात दोन्ही भाषा येणारा आमचा हा पोरगा गप्प बसून सगळं ऐकत होता. त्यानं लिहिलंय की त्या माणसानं इतक्या खोट्या गोष्टी सांगितल्या की मला हसू आलं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं, कारण मला ते हसू ओळखीचं वाटलं.

का ते सांगते. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे. आमची अम्मम्मा म्हणजे आईची आई विड्या वळायची. पानं आणि तंबाखू घरी आणायची, सूप मांडीवर घेऊन दिवसभर, पानं कापायची, तंबाखू भरायचा, दोरा बांधायचा, हजार झाल्या की कारखान्यात नेऊन द्यायच्या. मी आठ-नऊ वर्षांची असेन, तिच्याबरोबर टोपली धरून गेले होते, आणि त्या दिवशी कुणीतरी साहेब बाहेरगावहून बायकांची चौकशी करायला आलेले. कारखान्याचं नाव लिहीत नाही, तो आता बंदही झालाय. साहेबांना तेलुगू येत नव्हतं, म्हणून तिथलाच मुनीम दुभाषी म्हणून उभा. साहेबांनी अम्मम्माला विचारलं काही त्रास आहे का. अम्मम्मा म्हणाली की हजारातल्या कितीतरी विड्या खराब म्हणून बाजूला काढता, त्याचे पैसे देत नाही आणि त्या विड्या परतही देत नाही, आणि घरात तंबाखूची धूळ उडते, 'पिल्ललु रात्रंता दग्गुतारु', पोरं रात्रभर खोकतात. मुनीम साहेबांकडं वळून मराठीत म्हणाला, "काही त्रास नाही म्हणते साहेब, फक्त दिवाळीला लुगडं मिळावं म्हणते." साहेब हसले, वहीत काहीतरी लिहिलं, पुढं गेले. मला दोन्ही भाषा येत होत्या. अम्मम्माला वाटलं तिचं म्हणणं पोचलं, ती घरी येताना खूश होती. मी तिला खरं काय झालं ते कधीच सांगितलं नाही, तिला जाऊन आता पंचवीस वर्षं झाली.

तर त्या मुलाची गोष्ट. त्याचं खरं नाव ओता क्ते. जन्म १८६८ चा. त्याच वर्षी अमेरिकन सरकारनं फोर्ट लॅरमीचा करार करून ब्लॅक हिल्ससकट मोठा मुलूख लाकोटांचाच राहील असं लिहून दिलं होतं आणि नऊ वर्षांत, सोनं सापडल्यावर, ते डोंगर काढून घेतले. वडलांचं नाव स्टँडिंग बेअर, म्हणजे उभा राहिलेला अस्वल. १८७९ साली एक गोरे अधिकारी आले, कॅप्टन प्रॅट, पूर्वेला पेनसिल्व्हेनियात कार्लाइल नावाच्या जुन्या लष्करी छावणीत त्यांनी इंडियन (अमेरिकेतल्या ह्या मूळच्या लोकांना तिकडं असंच म्हणायचे) मुलांसाठी बोर्डिंग शाळा काढली होती, तिथं न्यायला पोरं गोळा करत होते. ओता क्ते अकरा वर्षांचा. त्याला शाळा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. त्याला वाटलं हे आपल्याला पूर्वेला मरायला नेतायत, आणि वडलांना दाखवून द्यायचं की आपला मुलगा मरायला घाबरत नाही, म्हणून तो जातो म्हणाला. आधी बोटीनं, मग रेल्वेनं. रात्री पोचले तर खोलीत पलंग नाही, गादी नाही, लाकडी जमिनीवर घोंगडी पांघरून झोपले. पहिल्या तुकडीत छावणीच्या दारातनं आत पाय टाकणारा पहिला मुलगा तो होता.

वर्गात फळ्यावर खडूनं काहीतरी रेघोट्या मारलेल्या, म्हणजे नावं हो, पण ह्यांना वाचता कुठं येतंय. एकेकाच्या हातात छडी देऊन सांगितलं की ह्यातली एक निवड. लाकोटांमध्ये शत्रूला न मारता नुसता हात किंवा काठी लावून परत यायचं ह्यात मोठं शौर्य मानत, तर ओता क्तेनं छडी तशी धरली, जणू शत्रूलाच स्पर्श करायचाय, आणि एका रेघोटीवर टेकवली. ती रेघोटी होती 'ल्यूथर'. झालं, तेव्हापासून तो ल्यूथर स्टँडिंग बेअर. ते नाव कापडाच्या पांढऱ्या पट्टीवर लिहून त्याच्या शर्टाच्या पाठीवर शिवलं, म्हणजे त्याचं नाव दुसऱ्यांना दिसायचं, त्याला नाही. (आमच्या पूर्व भागातल्या पोरांची आडनावं शाळेच्या दाखल्यांवर कशी कशी लिहिली गेलीत ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच समजेल.) मग केस कापले. लाकोटा माणूस केस कापतो तो घरातलं कुणी गेलं तर. त्याच्या डोळ्यात पाणी आलं असं तो लिहितो.

त्या शाळेत १८७९ पासून १९१८ पर्यंत वेगवेगळ्या जमातींची हजारो पोरं गेली. कितीतरी तिथंच आजारानं मेली, शाळेच्या आवारातच पुरली. २०२१ साली म्हणजे एवढ्यात, रोजबडच्या नऊ मुलांच्या अस्थी तिथनं काढून घरी नेल्या. एवढ्या वर्षांनी! २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ह्या बोर्डिंग शाळांबद्दल जाहीर माफी मागितली. आपल्याकडं ही बातमी आतल्या पानावर दोन ओळी आली असेल-नसेल.

ओता क्ते तिथं पत्र्याचं काम शिकला, कप, बादल्या, कॉफीची भांडी, शेकड्यानं बनवली. बँडमध्ये वाजवायचा. मग फिलाडेल्फियाला वॉनामेकरच्या दुकानात नोकरी लागली, आणि तिथं त्याला कुठं बसवलं तर दुकानाच्या मधोमध एका काचेच्या खोलीत, आत दागिन्यांच्या पेट्या, ह्यानं एकेक दागिना काढून किमतीची चिठ्ठी लावायची, बाहेरनं कुलूप. आणि काचेला नाक लावून लोकांची ही गर्दी, इंडियन पोरगा काम करताना बघायला. मला गड्ड्याच्या यात्रेतली होम मैदानावरची डोंबाऱ्याची पोरगी आठवली, सात-आठ वर्षांची, दोरीवर चालायची, आणि मी माझ्या वडलांच्या खांद्यावर बसून तिच्याकडं बघायची. आम्ही दोघी एकाच वयाच्या. तिनं एकदा खाली बघितलं तेव्हा माझ्याकडंच बघितलं असं मला वाटलेलं, ते अजून विसरले नाही.

आता शोकडं येते, कारण तुमच्या फोटोतला डान्स खरंतर तिथनं आलाय. बफेलो बिल कोडी नावाचा माणूस, त्याचा 'वाइल्ड वेस्ट' नावाचा प्रचंड शो असायचा, घोडे, बंदुका, गाड्यांवर हल्ला आणि त्यात शेकडो खरे लाकोटा. १८८५ ला सिटिंग बुल स्वतः एक सीझन ह्यात होता. १८८७ ला लंडनला व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीला पन्नास वर्षं झाली तेव्हा हा शो तिकडं गेला, त्यात ब्लॅक एल्क नावाचा पोरगा होता, पुढं तो मोठा साधुपुरुष म्हणून ओळखला गेला. आणि १८९० च्या डिसेंबरात वुंडेड नी ह्या ठिकाणी अमेरिकन सैन्याकडनं बायका-पोरांसकट लाकोटांची कत्तल झाली, त्यानंतर किकिंग बेअर आणि शॉर्ट बुल ह्या नेत्यांना शिकागोजवळच्या फोर्टमध्ये कैदेत ठेवलं होतं, त्यांना १८९१ ला सोडलं ते ह्याच शोबरोबर युरोपला जायच्या बोलीवर. म्हणजे जेल नाहीतर शो.

आणि दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली. १८८३ पासून सरकारी नियम होता की रिझर्व्हेशनवर ह्यांनी आपले धार्मिक नाच करायचे नाहीत, केले तर रेशन बंद, कोठडी. (आपल्याकडं रिझर्व्हेशन म्हणलं की नोकरीतलं आरक्षण डोक्यात येतं, तिकडं रिझर्व्हेशन म्हणजे सरकारनं आखून दिलेली हद्द, तिच्या बाहेर जायचं तर तिथं नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याची, म्हणजे एजंटची परवानगी.) घरच्या मातीवर नाचलं तर गुन्हा, आणि लंडनला तिकीट लावून नाचलं तर पगार. मग कुणी म्हणतं ह्यांनी आपली संस्कृती विकली. अहो, कशी विकली? नाचायला मिळत होतं ती जागाच तेवढी होती, आपली भाषा बोलायला, आपला पोशाख घालायला, चार नातेवाईक एकत्र राहायला. घरी बसून उपासमार बघण्यापेक्षा पोरांसाठी पैसे पाठवता येत होते. मी त्यांना नावं ठेवणार नाही.

ल्यूथर स्टँडिंग बेअर १९०२ ला ह्या शोमध्ये गेले (आता 'ते' म्हणते, इथपर्यंत ते मोठे झाले, लग्न, मुलंबाळं, शिक्षक म्हणून काम, दुकानदारी, सगळं करून झालेलं). नाचायला तर गेलेच, पण मुख्य काम काय, तर दुभाषी! ज्या मुलानं थिएटरात बसून खोटं भाषांतर ऐकलं तो आता स्वतः आपल्या माणसांचा दुभाषी. आणि नुसतं शब्दाला शब्द नाही हो. एकदा जेवणाच्या वेळी बाकीच्यांना नीट जेवण आणि लाकोटांपुढं आधीचे उरलेले पॅनकेक ठेवले. ते तडक बफेलो बिलकडं गेले, सांगितलं की माझी माणसं उरलंसुरलं खाणार नाहीत. कोडीनं जेवणावरच्या माणसाला बोलावून झाडलं, की लोक तिकीट काढतात ते ह्यांना बघायला, ह्यांना जे पाहिजे ते मिळालं पाहिजे. त्या दिवसानंतर तक्रार राहिली नाही. अम्मम्माच्या वेळी त्या कारखान्यात असा एक माणूस उभा असता तर, एवढंच मला हे वाचताना वाटत होतं.

१९०३ ला लंडनला सातवा एडवर्ड राजा शो बघायला आला. स्टँडिंग बेअर भाला घेऊन नाचत नाचत राजाच्या बॉक्सपर्यंत गेले, भाला त्याच्या तोंडासमोर हलवला, जमतील तेवढ्या चांगल्या स्टेप्स टाकल्या, आरोळ्या दिल्या. राजा आतापर्यंत एकदम गंभीर बसलेला, पण त्याला हसू आवरलं नाही. स्टँडिंग बेअर लिहितात की मला फार आनंद झाला. ज्याचं राज्य तेव्हा आपल्या सोलापूरवरही होतं तोच हा राजा, म्हणून हे वाचताना मलाही बरं वाटलं, लपवत नाही.

पण सगळंच गोड नव्हतं. इंग्लंडमध्येच बर्मिंगहॅमला त्यांची मुलगी जन्मली, तिच्या नावात त्यांनी राणीचं अलेक्झांड्रा आणि गावाचं बर्मिंगहॅम दोन्ही घातलं. थोड्या दिवसांत आई आणि बाळाला तंबूत उंच ओट्यावर बसवलं, लोक रांगेनं समोरनं जायचे आणि डब्यात पैसे टाकायचे. पैसे चांगले मिळाले, ते स्वतः समाधानानं लिहितात. मी मात्र त्या बाईचा विचार करते, बाळंतपण होऊन किती दिवस झाले असतील, आणि दिवसभर परक्या लोकांनी बघायचं. ती काय म्हणत होती ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

१९०४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा इंग्लंडला निघाले तर शिकागोजवळ मेवुडला त्यांच्या गाडीला मागनं दुसरी गाडी धडकली. तीन लाकोटा जागीच गेले, सत्तावीस जखमी. स्टँडिंग बेअर वाचले पण बरीच हाडं मोडली, लोकांना वाटलं हे जगत नाहीत. पुढल्या वर्षी, १९०५ ला, त्यांच्या लोकांनी त्यांना लाकोटांच्याच ओग्लाला शाखेचा प्रमुख केलं.

प्रमुख झाले आणि लक्षात आलं की प्रमुखाच्या हातात काहीच नाही, हद्दीबाहेर जायला प्रमुखालासुद्धा एजंटला विचारावं लागतंय. म्हणून नागरिकत्वासाठी भांडले. स्वतःच्या देशात नागरिक व्हायला भांडावं लागलं! सगळ्या इंडियन लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं ते १९२४ साली.

हे सोलापूरकराला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आपल्या गावात सेटलमेंट आहे. आज ते नाव रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता झालंय, पण ते नाव कुठनं आलं? इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, पारधी, कैकाडी, कंजारभाट, भामटे अशा कितीतरी, आणि सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. माझ्याबरोबर शाळेत तिथली एक मैत्रीण होती, तिचे आजोबा सांगायचे हजेरी कशी द्यावी लागायची, पावण्याकडं लग्नाला जायचं तर पास, परत यायला उशीर झाला तर काय व्हायचं. देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं ते तसंच, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला, कागदावर. ह्याच लोकांत आणि ह्यांच्यासारख्या फिरस्त्या जमातींत डोंबारी, कोल्हाटी, गोपाळ, कसरती करणारे, नाचणारे, गाणारे किती कलावंत होते. त्यांच्यातलं कोण कुठं कुठं गेलं, काय काय करून आलं, कुणाला नाव माहितेय? आपण त्यांचा खेळ बघितला, चार आणे टाकले आणि घरी गेलो.

स्टँडिंग बेअर १९१२ ला कॅलिफोर्नियाला गेले, सिनेमात कामं केली. तिथं गोऱ्या नटांना रंग फासून इंडियन करायचे. ते सारखे सांगायचे की खरी माणसं इथं आहेत त्यांना काम द्या, आणि आमचं चुकीचं दाखवू नका. ऐकून घेणारे थोडे. मग साठीला आल्यावर लिहायला बसले आणि १९२८ ते १९३४ ह्या सहा वर्षांत चार पुस्तकं लिहिली, आपलं लहानपण, आपल्या लोकांच्या गोष्टी, शाळेत काय झालं, रिझर्व्हेशनवर लोक कसे उपाशी मरतायत. १९३९ च्या फेब्रुवारीत एका सिनेमाचं काम चालू असतानाच ते गेले. सिटिंग बुल थिएटरात त्या दिवशी खरं काय बोलला हे आज आपल्याला माहितेय ते ह्या माणसामुळं. त्यांनी ते चव्वेचाळीस वर्षं लक्षात ठेवलं आणि लिहिलं.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. एक तर पुढं कधी असा फोटो छापलात तर खाली 'रेड इंडियन' लिहू नका, तो कोलंबसाच्या चुकीतनं आणि कातडीच्या रंगातनं आलेला शब्द आहे. लाकोटांचा पोशाख असेल तर लाकोटा लिहा, एक शब्दच तर आहे.

दुसरी विनंती मोठी आहे आणि ती मी मनापासून करते. सेटलमेंटमधली जुनी माणसं आता थोडी राहिलीत, ऐंशीच्या पुढची. विड्या वळलेल्या म्हाताऱ्या आमच्या पेठेत अजून आहेत. तुमच्या पुरवणीत दर रविवारी अर्धं पान त्यांना द्या. तुमच्या वार्ताहरानं जाऊन 'त्यांची व्यथा' असं काहीतरी चार वाक्यांत लिहून आणायचं नाही, त्यांचं बोलणं त्यांच्या भाषेत रेकॉर्ड करायचं, तेलुगू, कन्नड, कैकाडी, पारधी जी असेल ती, आणि मग जे बोलले ते सगळं मराठीत आणायचं, छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवायचं, त्यांनी हो म्हणलं तर त्यांच्या नावासकट छापायचं. तेलुगूचं भाषांतर मी करून देते, पैसे नकोत. माझे डोळे अजून चांगले आहेत आणि पूर्व भागात मला सगळी घरं माहीत आहेत, मी तुमच्या माणसाबरोबर फिरेन.

भावाच्या नातीला मी ही सगळी गोष्ट दोन रात्री सांगितली. छडीनं नाव निवडायचा भाग तिनं तीनदा सांगायला लावला. आता तिला त्या शाळेच्या बाईंना सांगायचंय, आणि बाईंनी मला एका शनिवारी वर्गात बोलावलंय. पुस्तक घेऊन जाणार आहे. तुमच्यापैकी कुणाला वाचायचं असेल तर तेही देईन, फक्त परत करा, पहिल्या पानावर भाच्याच्या हातचं लिहिलेलं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक जुनी वाचक, निवृत्त शिक्षिका
दाजी पेठ, सोलापूर